नावं संपेपर्यंत

सिनेमा संपला रे संपला की उठून दाराकडे पळायची तुमची खोड आहे ना, म्हणून सांगतो. ऐका. खरं-खोटं तुमचं तुम्ही ठरवा. मी थिएटरच्या तिकीटखिडकीवर असतो. ज्याच्यासोबत हे घडलं, तो आमचा ऑपरेटर, माझा रोजचा चहाचा सोबती. त्यानेच मला सांगितलं, आणि तो थापा मारणाऱ्यातला नव्हे.

गुरुवार होता. रात्रीच्या खेळाआधी ऑपरेटर स्कूटर काढून घरी गेला आणि आईला मागे बसवून घेऊन आला. धाकट्या मुलाचं नाव पडद्यावर बघायचं, एवढाच म्हातारीचा हट्ट. धाकटा सिनेमांना पावलांचे आवाज द्यायचा. पडद्यावर नायिका जिना चढते, तेव्हा तिकडे स्टुडिओत हा बूट घालून लाकडी फळीवर चालत असायचा. हा सिनेमा लागायच्या महिनाभर आधी तो तापाने गेला.

आई दिवसभर धाकट्याचंच कौतुक करायची. आणि हा थोरला? बावीस वर्षं लोकांना दुसऱ्यांची नावं दाखवत होता, स्वतःचं नाव कुठे नाही. गेलेल्या भावाचा हेवा करू नये, हे कळत होतं त्याला. पण जळायचा. खूप जळायचा.

खेळ कुठे थांबवायचा, दिवे कधी लावायचे, हे हल्ली मशीनमध्ये आधीच भरून ठेवतात. या पठ्ठ्याने पहिल्याच दिवशी काय केलं, तर नावं सुरू झाली की लगेच खेळ बंद होईल असं भरून ठेवलं. दोन आठवडे धाकट्याचं नाव कोणालाच दिसलं नाही. तक्रार कोण करणार? तुमच्यासारखेच सगळे, तोवर दारात पोचलेले.

त्या रात्रीही तेच. पावणेबाराला दिवे लागले. लोक गेले. आई बसूनच. ऑपरेटर केबिनमधून खाली आला.

"नाव कुठंय रे त्याचं?"

"नव्हतंच गं. एवढ्याशा कामाला कोण नाव देतं?"

म्हातारी नुसती पडद्याकडे बघत राहिली.

"तू फाटकापाशी थांब, मी मशीन बंद करून येतो," असं म्हणून तो वर गेला, आणि मुद्दाम वेळ काढत बसला. कारण सिनेमाला कंपनीकडून चावी येते, म्हणजे एक फाइल. तिची मुदत संपली की सिनेमा चालत नाही. या सिनेमाची मुदत त्या रात्री बारापर्यंत होती. बारा वाजले. आता आईला ते नाव इथे कधीच दिसणार नव्हतं. त्याला वाटलं होतं, बरं वाटेल. नाही वाटलं. तरी त्याने मशीन बंद केलं, हॉलचे दिवे घालवले.

बारा वाजून सात मिनिटं. जिन्यावर पावलं वाजली.

"आई?"

पावलं चढत होती. सावकाश. एकेक...

आमच्या केबिनचा जिना लोखंडी. आवाज येत होता लाकडी फळीवरचा.

पावलं दाराशी आली. थांबली.

"कोण आहे?"

...

मागे उजेड झाला. मशीन बंद होतं. त्याचा पंखासुद्धा फिरत नव्हता. त्याने काचेतून खाली पाहिलं. पडद्यावर नावं सरकत होती. आणि आई... आई गेलीच नव्हती. तिथेच बसली होती.

धाकट्याचं नाव आलं. म्हातारीने मोठ्याने वाचलं. अक्षर अक्षर लावून. मग ती थांबली. पुढे आभारांची यादी होती. तिथली एक ओळही तिने वाचली.

"माझा दादा... ज्याच्या केबिनमध्ये... मी ऐकायला शिकलो."

ती वळली. वर काचेकडे बघून ओरडली, "अरे, तूही आहेस की यात!"

दोन आठवडे. रोज चार खेळ. थोरला स्वतःलाच कापत होता.

त्याने धाडकन दार उघडलं, आणि नावं अर्ध्यावर असतानाच पडदा काळा झाला. बाहेर कोणी नाही. जिन्यावर बसून तो लहान मुलासारखा रडला. मग आईला घरी घेऊन गेला. वाटेत ती एकदाच बोलली, "छान दाखवलंस."

सकाळी झाडूवाली मला बोलवायला आली. आमच्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर जाते. आईच्या खुर्चीची वर गेली होती. तिच्या शेजारची मात्र खालीच.

मी ढकलून पाहिलं. तेल घातलं. स्प्रिंग बदलली. उपयोग शून्य. आता कुठलाही सिनेमा असो, हॉलमध्ये अंधार झाला की ती बैठक खाली येते. त्या खुर्चीचं तिकीट मी कधी फाडलं नाही. लोक उठतात, निघून जातात, ती खालीच. पडद्यावरचं शेवटचं नाव सरकून गेलं... की मगच वर जाते.