वरच्या बाकावरचे काका

तरणतलावाच्या मागे सौनाची, गरम हवेत घाम काढायची, लाकडी खोली आहे. नऊ वर्षं ती मीच सांभाळतो. दगड तापवायचे आणि येईल त्याला तेच ते सांगायचं: आधी पाणी प्या, नवीन असाल तर खालच्या बाकावर बसा, दहा मिनिटांच्या वर थांबू नका, एकदम उठू नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून या.

दादाला मात्र यातलं काहीच सांगितलं नाही. माझा सख्खा मोठा भाऊ, ट्रक चालवून चालवून पाठ धरलेली. त्याच्या गोळ्या मला माहीत होत्या. पण चार वर्षांचा अबोला मोडून तो आपणहून आला होता. त्याला नियम कुठे ऐकवत बसायचं?

"वर बसू का रे? शेक चांगला लागेल."

"बस की. खोली आपलीच आहे."

वीस मिनिटांनी मी दार उघडलं. माझ्याकडे बघून तो हसला, झटकन उठला आणि कोसळला. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

चौकशी झाली. खोली महिनाभर बंद राहिली, मग पुन्हा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात एक शिंपी कुरकुरत बाहेर आला. "तुमचे ते काका निवांत बसू देतील तर शपथ! दहा मिनिटं झाली, उठा म्हणतात."

मी आत डोकावलो. कोणी नव्हतं. उष्णतेने माणसाला भास होतात, मी स्वतःला समजावलं.

नंतर एक पोस्टमन. "भला माणूस आहे हो. म्हणाला, एकदम उठू नका, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसा."

हे मी पोस्टमनला सांगायला विसरलो होतो.

"कुठे बसले होते?"

"वरच्या बाकावर."

त्या बाकाच्या फळीवर घामाचा ओला डाग होता. तिथल्या धगीत तो मिनिटभरात वाळायला हवा. संध्याकाळी बघितला, तसाच होता.

परवा दुपारी तलाव बंद असताना मी एकटाच आत जाऊन बसलो.

"दादा, चुकलं माझं."

दगड बारीक तडतडत होते. दहा मिनिटं झाली. बारा. पंधरा. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली.

मला कोणी ऊठ म्हणेना.

दार उघडलं ते स्वागतकक्षातल्या बाईंनी. नुकत्याच कामाला लागल्यात. दादाला त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

"अहो, जीव द्यायचाय का? चला बाहेर!"

मी धडपडत बाहेर आलो. बाईंनी दार लावलं नाही. ते एका हाताने धरून, कोणाला वाट द्यावी तशा त्या जरा बाजूला सरकल्या, नजर आतच ठेवून थांबल्या.

मग मान किंचित लववली आणि हलकेच दार ओढून घेतलं.