अर्धी गादी

बाबागाडी घ्यायला निघालेल्या कुणालाही मी एकच सांगते. टपाचा रंग नंतर बघ, आधी गाडी रिकामी ढकलून बघ. मीही तसंच केलं होतं. सातवा महिना होता, पाय सुजलेले, आणि नवरा, सिंद्रे, माझी पर्स सांभाळत दुकानभर मागे मागे फिरत होता. मी इतके प्रश्न विचारले की दुकानातली बाई म्हणाली, "अगं, तू गाडी घेतेयस की होडी?" पण मला हवी तशी गाडी मिळाली. घट्ट, सपाट गादी. दाबल्यावर 'खट' वाजणारा ब्रेक. आणि इतकी हलकी की एका बोटानं ढकलावी.

"हीच," मी म्हटलं.

"जशी आज्ञा, कप्तान," सिंद्रे म्हणाला.

उत्तरेकडच्या आमच्या या बेटावर बाळं दुपारची बाहेर झोपतात, पाऊस असो नाहीतर बर्फ. लोकरीत गुंडाळायचं, टप ओढायचा, गाडी भिंतीच्या आडोशाला उभी करायची आणि आपण आत कॉफी प्यायची. घरात झोपवलं तर शेजारीण विचारते, बाळाला बरं नाही का? म्हणजे लेकरू तिथे एकटं, आणि त्याचा सगळा भार त्या गाडीवर. म्हणून मी एवढी चिकित्सा केली होती.

इल्वा नोव्हेंबरात झाली. इस्पितळातून घरी आलो तर दारात माझी गाडी नव्हती. ऑडनीची, म्हणजे माझ्या सासूची गाडी उभी होती. काळसर निळी, मोठ्या चाकांची, चामड्याच्या पट्ट्यांवर झुलणारी. तिनं ती घासूनपुसून लखलखीत केली होती.

"तुझी गाडी वसंतात येणार म्हणे," सिंद्रे स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला. "कारखान्यातच अडकलीय."

"तोवर ही वापर," ऑडनी म्हणाली. "सिंद्रे हिच्यातच वाढला. एकदाही रडला नाही."

मी दांडा धरून ढकलला. गाडी हलेना. ब्रेक लागलाय की काय म्हणून वाकून पाहिलं, तर ब्रेक मोकळा.

"जुन्या वस्तू जडच असतात गं," ऑडनी म्हणाली. तिनं हात लावला तशी गाडी मुकाट्यानं निघाली.

मला जरा लागलंच ते. पण अंगात त्राण नव्हतं, आणि माझी आई मी लहान असतानाच गेलेली. ऑडनी रोज माशाचं सूप घेऊन यायची, माझे केस विंचरायची. असं कुणी केलं की मी विरघळते. त्या वेळी तर मी तिला मनातल्या मनात आईच म्हणायला लागले होते.

इल्वा त्या गाडीत झोपायची मात्र छान. ठेवल्या ठेवल्या डोळे मिटायची. गाडीत बाळाचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र ठेवलेलं असे, त्याचा जोड माझ्याजवळ ओट्यावर. बटाटे सोलता सोलता मी तिचा श्वास ऐकायची. एक श्वास… आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक, घाईघाईचा, जरा ओलसर. यंत्र घुमतंय, मी म्हणायची.

मग एक गोष्ट खटकायला लागली. मी तिला मधोमध ठेवायची, आणि उचलायला जायची तेव्हा ती डाव्या कडेला चिकटलेली असायची. नाक कापडाला टेकायच्या बेतात. एवढंसं बाळ कुशीवर वळत नाही, सरकणं तर दूरच. मी दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या. उजवीकडची गुंडाळी पायाशी जाऊन पडलेली मिळाली. उजवी अर्धी गादी रिकामी होती. मी हातमोजा काढून तिथे हात ठेवला. बाहेर ओठ फुटतील एवढी थंडी होती, आणि गादी उबदार होती. आंबलेल्या दुधाचा वास येत होता. इल्वाच्या तोंडाला तसा वास कधीच यायचा नाही.

"ऑडनी, ती कडेला जाते गं," मी सांगितलं. "नाक दबेल एखाद दिवशी. गुदमरेल."

ऑडनीनं माझ्यापुढे तपकिरी चीज घातलेला वॉफल सरकवला. "पहिलटकरणीला असंच वाटतं. खा."

"तुझी झोप होत नाहीये, सिन्ने," सिंद्रे म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला माझीच लाज वाटली. वेड लागतंय की काय म्हणून मी गपचूप रडून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला त्याच गाडीत निजवलं.

जानेवारीतली गोष्ट. जेवणासाठी कॉड मासा हवा होता, म्हणून मी धक्क्याजवळच्या आमच्या होडीच्या खोपीत गेले. फ्रीजरमागे, जाळ्यांच्या ढिगाआड, ताडपत्रीखाली काहीतरी मोठं होतं. मी कोपरा उचलला. खोक्यावर दुकानाचं नाव होतं, आणि त्याखाली माझं.

माझी गाडी! माणूस किती खुळं असतं बघा, मला आधी आनंदच झाला. मग चिठ्ठीवरची तारीख पाहिली. इल्वाच्या जन्माआधीची. ताडपत्रीचे चारही कोपरे नीट बांधलेले होते, आणि तशा गाठी आमच्या घरात एकच माणूस मारतो.

मी मासा तिथेच टाकला आणि चढाव चढून वर आले. तीनच वाजले होते, पण उजेड विझत आला होता. लाकडांच्या ढिगापाशी माझे पाय थांबले. भिंतीच्या आडोशाला सिंद्रे गाडीवर वाकला होता. ऑडनी दुलई घेऊन शेजारी उभी. सिंद्रेनं इल्वाला गादीवर ठेवलं. मधोमध नाही, डाव्या कडेला, स्वतःच्या हातानं. मग उजव्या अर्ध्या भागावरून त्यानं हळूच तळवा फिरवला आणि तिथेही दुलई खोचली, अगदी कुणाचे तरी पाय झाकावेत तशी. ऑडनी वाकली. त्या रिकाम्या उशीचा तिनं मुका घेतला.

"झोप रे राजा… सोबत आहे ना तुला."

"कोण आहे तिथे?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

दोघंही दचकले.

"तोर्युस," सिंद्रे म्हणाला. "माझा भाऊ. आम्ही जुळे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याला भाऊ होता हे मला ठाऊक नव्हतं.

"ह्याच गाडीत गेला तो," ऑडनी म्हणाली. "दोघं शेजारी शेजारी झोपले होते. एकच उठला. पण तो गेलाच नाही गं… त्याला एकट्याला झोप येत नाही. सिंद्रे गाडीत मावेनासा झाला, तेव्हापासून माझ्या घरी माळ्यावर रडतो. तू ते रडणं ऐकलेलं नाहीस."

"म्हणून माझी मुलगी?"

"थोडेच महिने, सिन्ने," सिंद्रे म्हणाला. "मी झोपायचो ना त्याच्याजवळ? मला काही झालं का?"

"तो तिला ढकलतो, सिंद्रे! तिचं नाक कापडाला…"

"लहान आहे तो," ऑडनी हळूच म्हणाली. "त्याला कळत नाही."

म्हणजे गाडी त्यांनीही पारखूनच निवडली होती, उबदार, आरामाची. पण माझ्या बाळासाठी नाही. रोजचं ते सूप, ते केस विंचरणं, खांद्यावरचा हात, सगळं त्याच्यासाठीच होतं. मी इल्वाला उचललं आणि चालू लागले.

खोपीत मी खोकं फाडलं. एका हातानं चाकं बसेनात. सिंद्रे मागोमाग आला होता, माझ्या कपड्यांची बॅग भरून. तो हातापाया पडेल, अडवेल असं मला वाटलं होतं. उलट त्यानंच चाकं बसवली. इल्वाला तिच्या झोपायच्या लोकरी पिशवीत घालून मी मधोमध ठेवलं. त्यानं जुन्या गाडीतून आणलेली दुलई तिच्यावर पसरली आणि दोन्ही बाजूंनी खोचली.

"थंडी आहे," तो म्हणाला. "ही राहू दे."

घाईत मी राहू दिली. फेरीबोटीच्या फळीवर मी गाडी चढवू लागले. बोटीवरचा म्हातारा मदतीला धावला, आणि दांडा धरताच हसला.

"बाप रे! जुळी आहेत का गं?"

"नाही. एकच."

"मग खातं काय?"

बोट सुटली. मी ब्रेक दाबला, 'खट' वाजला. बेटावरचे दिवे मागे पडायला लागले तेवढ्यात फोन आला. सिंद्रे होता. मागे ऑडनीचं हुंदके देणं ऐकू येत होतं. पण त्याचा आवाज… इतका मोकळा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"आईची गाडी हलकी झालीय, सिन्ने. एका बोटानं ढकलली मी."

मी गाडीचा दांडा घट्ट धरला.

"तू आता इकडे येऊ नकोस," तो म्हणाला. "आणि दुलई खोचून ठेव. तोर्युसचे पाय उघडे पडले की तो रडतो."

मी टप मागे केला. इल्वा डाव्या कडेला होती, कापडाला गाल टेकवून. मी तिला ओढून मध्ये घेतलं, आणि ती दुलई समुद्रात फेकायची म्हणून उजवीकडून हात आत घातला.

एका इवल्याशा मुठीनं माझं बोट धरलं. नुकतीच जन्मलेली बाळं धरतात तसं, घट्ट.

इल्वाचे दोन्ही हात लोकरी पिशवीच्या आत होते.