'नश' नावाचं अक्षर

वाळत घातलेलं एक निशाण वाऱ्याने उडालं आणि धक्क्यावरून चाललेल्या अधिकाऱ्याच्या तोंडावर जाऊन बसलं. मी धावत गेले, तोवर त्याने नीट घडी घातली होती.

"बाई, तुमचे 'ल्युदी' पळाले."

"माणसंच ती... पळायचीच," मी म्हटलं.

तो हसला. ग्लेब नाव त्याचं, सर्वेक्षण जहाजावर होता. मी रिम्मा, मुर्मान्स्कजवळच्या खाडीत संकेतचौकीवर जहाजांसाठी निशाणं चढवायचे, एकेका अक्षराचं एकेक.

दुसऱ्या भेटीत स्वारी शिकवायलाच बसली. "पूर्वी आपल्या रशियन 'ल' अक्षराला ल्युदी म्हणायचे, म्हणजे लोक."

"मला नको शिकवूस. माझे आजोबा चर्चमध्ये पोथी वाचायचे. 'द' म्हणजे दोब्रो, चांगलं. 'न' म्हणजे नश, आपलं. शाळांनी ती नावं टाकून दिली, तुम्ही खलाशांनी जपली."

"जपली, पण दोब्रो चढवलं की परवानगी, आणि नश चढवलं की नकार. 'आपलं' म्हणून नकार द्यायचा... काय डोकं आहे बघ."

उन्हाळाभर आम्ही दलदलीत पिवळी फळं वेचत फिरलो. पिकलेली सगळी तो माझ्या टोपलीत टाकायचा आणि कच्ची स्वतः खायचा. मला तो फार आवडायला लागला होता.

ऑगस्टमध्ये तो चौकीवर आला. "जहाज व्लादिवोस्तोकला चाललंय, कायमचं. तू हो म्हणालीस तर मी उतरतो, इथेच किनाऱ्यावर नोकरी धरतो. लग्न करशील माझ्याशी?"

श्वेत समुद्राकाठच्या आमच्या गावात पहिल्याच मागणीला कुणी हो म्हणत नाही. म्हटलं तर पोरगी उतावळी ठरते. माझ्या आईने बाबांना दोनदा परत पाठवलं होतं. मला तर हसूच आवरेना. कपाटातून 'नश' काढलं आणि तोंडासमोर धरलं. आता पुन्हा विचारेल... आता विचारेल...

निशाण खाली घेतलं तेव्हा दार उघडं होतं. ग्लेब गेला होता.

समुद्रावर एकदा नकार मिळाला की कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. तीन वर्षं निशाणं चढवूनही हे माझ्या डोक्यात आलं नाही. तीन दिवस मी ताठ्यात बसून राहिले — येईल, आपणहून येईल. चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या जहाजाने खाडीबाहेर जायची परवानगी मागितली.

मी चौकीच्या प्रमुखांना फोन लावला. "धुकं आहे. थांबवू का त्यांना?"

"कुठलं धुकं? मला पलीकडचा किनारा दिसतोय. दोब्रो दे, रिम्मा."

दोब्रो अडकवलं आणि दोरी मीच ओढली. जहाजावर 'समजलं'चं निशाण चढलं. ते चढवून ग्लेब पाठमोरा झाला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला प्रत्येक संकेत नेमका कळायचा. खोटा मीच दिला होता.