पदराआडचा कान

द्वारकाबाईंनी कानातलं मशीन उपसून काढलं आणि सगळ्यांच्या देखत ते आमटीच्या वाटीत फेकलं!

आमटी उडाली ती थेट आशाबाईच्या नव्याकोऱ्या साडीवर. "अगंबाई गं!" करून ती पाटावरून उठली. चतुरा वाढायला वाकली होती, तिच्या हातातली पोळी हातातच राहिली.

"नेऊन घाल हे तुझ्या कानात!" म्हातारी चतुरावर कडाडली. "दिवसभर कुईऽ कुईऽ... डोकं फुटायची पाळी आली माझी! मला येडी करायचीय तुला, व्हय ना? येडी करून घराबाहेर काढायचीय!"

"आत्याबाई, मी नाय आणलं ते..." चतुरा पुटपुटली. पण पुटपुटून ऐकू यायला सासूला कान कुठं होते? शेवटी रोजच्यासारखा गळा ताणावा लागला. "आत्याबाई! मी... नाय... आणलं!"

"बघितलंत?" आशाबाई साडी पुसता पुसता नवऱ्याला म्हणाली. "आपल्या तोंडावर ही असली ओरडते, मग माघारी काय करत असंल!"

काकासाहेबांनी मान हलवली. मान हलवण्यात त्यांचा हात कोण धरणार! द्वारकाबाईंचा हा धाकटा लेक वाळूजच्या कारखान्यांना मजूर पुरवायचा. बीड बायपासला दुमजली बंगला, दारात गाडी, बोटांत अंगठ्या; आणि बेगमपुऱ्यात आईला भेटायला यायचा तो बहुतेक गाडी चालूच ठेवून. आईचं मशीन घेतलं त्या दिवशी मात्र साहेबांनी डबी हातात धरून, आईच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला होता आणि चार गावच्या पाहुण्यांना पाठवला होता. श्रावणबाळाच्या वर मजल! आई कावडीत नव्हती एवढंच काय ते कमी.

"वहिनी," ते म्हणाले, "मशीन आणून दिलं. ते बसवता बी येईना तुम्हाला?"

चतुराच्या ओठांशी उत्तर आलं होतं... आलं आणि गिळलं गेलं. असली किती उत्तरं तिनं गिळली होती, देव जाणे! ती थोरल्या लेकाची बायको. नवरा गेला तेव्हा अजिंठ्याहून भाऊ न्यायला आला होता. "तुला ना मूल ना बाळ, इथं कुणासाठी राहतीस?" म्हणाला. चतुरानं आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेल्या सासूकडं बघितलं आणि म्हणाली, "यांच्यासाठी." भाऊ रागानं पाणीसुद्धा न पिता गेला. आणि ज्यांच्यासाठी ती राहिली, त्यांचा कान पुढं हळूहळू बंद होत गेला आणि मनही.

बहिऱ्या माणसाला आवाज पोचत नाही, चेहरा पोचतो. चतुरा "आत्याबाई, गोळी घेतली का?" एवढंच ओरडून विचारायची, पण द्वारकाबाईंना दिसायचं ते वासलेलं तोंड, गळ्याच्या ताठलेल्या शिरा, आकसलेल्या भुवया. ही बाई आपल्यावर सदा खेकसते, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. गल्लीला तर आवाज पोचायचाच. 'काय कजाग सून आहे!' म्हणून लोक हळहळायचे. बिचारे! कुणी कधी दार उघडून आत डोकावायची तसदी घेतली नव्हती. एक शेजारची अनवरी तेवढी भिंतीवरून हसायची, "चतुरा, बहरी तेरी सास है गे, पूरा मोहल्ला नै!" तेवढ्यानंसुद्धा चतुराचा दिवस बरा जायचा.

मशीन निवडायच्या दिवशी काय झालं होतं, ते चतुरालाच ठाऊक होतं... आणि काकासाहेबांना!

औरंगपुऱ्यात कान तपासणाऱ्या एका मॅडम बसायच्या. काचेच्या बंद खोलीत म्हातारीचा कान तपासला. आत सगळ्या बायकाच, मॅडमनी सहज हातानं पदर मागं सारला, कानामागं काजूएवढं मशीन अडकवलं, त्याची नळी कानात बसवली आणि चतुराला म्हणाल्या, "बोला. साध्या आवाजात."

"आत्याबाई..." चतुरा भीत भीत म्हणाली, "तुम्हाला ऐकू येतंय?"

म्हातारीनं चमकून वर बघितलं. तिच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर असं काही उजळलं, की चतुराच्या डोळ्यांना धारा लागल्या. "येतंय की!" द्वारकाबाई म्हणाल्या. तेवढंच. मग मॅडमनी मशीन काढून घेतलं, पदर पुन्हा कपाळापर्यंत आला आणि बाहेर फोनवर गप्पा हाणणारे काकासाहेब आत आले.

"हेच मशीन यांना लागू पडेल," मॅडमनी सांगितलं. "फक्त एक आहे. आवाज घेणारी भोकं याच्या वरच्या अंगाला असतात. त्यावर पदर आला की कापडाची नुसती खरखर ऐकू येईल. पदर कानाच्या मागं ठेवायचा."

"पदर मागं?" काकासाहेब असे ताठले, जणू कुणी त्यांच्याच डोक्यावरची पगडी मागितली. पगडी त्यांच्या बापानंही कधी घातली नव्हती म्हणा! "मॅडम, आमच्या आईचा पदर सख्ख्या दिरापुढं कधी नाकाच्या वर गेला नाय. आमचं खानदान निराळंय. दुसरं दाखवा. कानाच्या आत जाणारं, बारकं. ते पदराखाली चालंल आणि पाहुण्यारावळ्यांत दिसणारबी नाय."

"यांच्या कानाला त्याची ताकद पुरणार नाही. आणि त्याच्यावर कापड दाबलं गेलं की ते शिट्टी मारेल."

"भाऊजी, मोठंच घेऊ..." चतुरा कळवळून म्हणाली. "आत्याबाईंना इचारून तरी बघू."

"तुम्ही गप बसा! आईला इचारायचं काय त्यात? 'डोकं उघडं कर' म्हणून आईला सांगायचं? तुमची जीभ रेटंल, माझी नाय रेटणार. आणि ही पदराची गोष्ट घरात काढायची नाय, सांगून ठेवतो."

झालं! कान कुणाचा, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. खानदानाला शोभेल असं मशीन घेतलं गेलं, आणि घरी येऊन ते पदराखाली शिट्ट्या मारू लागलं. "त्या बाईनं आधी लावलं व्हतं ते चांगलं व्हतं. ते का नाय घेतलं?" म्हातारीनं लेकाला विचारलं. आणि काकासाहेबांनी... तोंडानं एक शब्द न बोलता... अंगठा चतुराकडं केला! वहिनीनं घेऊ दिलं नाही! बहिऱ्या आईशी खोटं बोलायलाही या शहाण्याला तोंड उघडावं लागलं नाही.

चतुरानं बघितलं. एवढ्या मोठ्या अंगाच्या माणसाचं मन इतकं चिमुकलं असावं! तिला त्याची किळस आली आणि सासूला खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण सांगणार काय? सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार. आणि 'आत्याबाई, पदर काढा' असं विधवा सासूला ओरडून सांगणाऱ्या सुनेला गल्लीनं जगू दिलं असतं?

तरीही आमटीच्या प्रसंगानंतर ती एकटी औरंगपुऱ्यात गेली. मॅडमपुढं हात जोडले. "मला ते मोठं मशीन चार दिवस वापरून बघायला देता का?" मॅडमनी तिच्या शब्दावर दिलं, लावायचं कसं ते शिकवलं. चतुरा ते रुमालात बांधून घरी घेऊन आली, आणि तो रुमाल कमरेला खोचून नुसती घरभर हिंडत राहिली. सासूपुढं उभी राहायची, तोंड उघडायची आणि परत फिरायची. म्हातारी आणखी चिडायची. "काय गं, तोंड वासून काय बघतीस? मेले का ते बघतीस?"

आणि रविवारी सकाळी काकासाहेबांनी बैठक बोलावली.

कन्नडहून नानासाहेब आले. द्वारकाबाईंचे मोठे दीर, घराण्यातले सगळ्यांत वडीलधारे. ते बैठकीत बसले तशा द्वारकाबाई भिंतीकडं तोंड करून, पदर नाकापर्यंत ओढून कोपऱ्यात बसल्या. सून म्हणून आल्यापासून त्यांनी या दिराला तोंड दाखवलं नव्हतं आणि त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. निकाल द्वारकाबाईंच्या जन्माचा. आणि एकट्या द्वारकाबाईंनाच तो ऐकू येणार नव्हता! काय ती बैठक, काय ती रीत!

"चतुराबाई," नानासाहेबांनी घसा साफ केला, "मी समदं ऐकलंय. तू म्हाताऱ्या माणसाला छळतीस, हे बरं नाय. आता तू अजिंठ्याला भावाकडं जा. काकासाहेब आईला बंगल्यावर नेईल."

"मागची खोली रिकामी केलीय," आशाबाई लगबगीनं म्हणाली. त्या खोलीत आजवर मोटारीचे जुने टायर होते, हे सांगायला मात्र ती विसरली. आणि म्हातारी तिकडं, चतुरा अजिंठ्याला, म्हणजे बेगमपुऱ्याची जागा आपसूक मोकळी, हे काकासाहेब सांगायला विसरले. विसराळू जोडपं!

चतुरानं कमरेचा रुमाल चाचपला. जायचं तर जाईन... भाकरतुकडा कुठंही मिळेल... पण ज्या माउलीसाठी उभा जन्म वेचला, ती आपल्याला छळणारी म्हणूनच डोळे मिटणार? आपला खरा आवाज तिच्या कानी कधीच पडणार नाही? नाही! हे मात्र सोसवणार नाही!

ती उठली. भर बैठकीतून चालत जाऊन सासूपुढं बसली, रुमाल सोडला, मशीन तळहातावर धरलं. आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरून ओरडली,

"आत्याबाई! ऐकू यायला पाहिजे असंल... तर पदर काढावा लागंल!"

बैठक हादरली. नानासाहेबांचा हात काठीवर गेला. "वहिनी!" काकासाहेब ताडकन उठले. "लाज कशी वाटत नाय! नानांच्या पुढं आईला..."

द्वारकाबाई सुनेच्या तळहाताकडं बघत होत्या. ते मशीन त्यांनी ओळखलं. त्यांनी पदराची कड चिमटीत धरली, क्षणभर थांबल्या... आणि पदर मागं सारला! पांढरेशुभ्र, विरळ केस, वाळलेला कान, कपाळावरची जुनी गोंदणं... दिरापुढं, लेकापुढं, सगळ्यांपुढं उघडी पडली. नानासाहेबांनी घाईनं मान खिडकीकडं फिरवली.

चतुरा पुढं सरकली. मशीन कानामागं बसलं, नळी कानात गेली.

"म्हातारपणी डोकं उघडं टाकून बसली... बाई बाई!" आशाबाई पुटपुटली.

"आशाबाई," द्वारकाबाई वळून म्हणाल्या, "डोकं माझंय."

आशाबाईचं पुटपुटणं म्हातारीला ऐकू गेलं होतं! द्वारकाबाई मग चतुराकडं वळल्या. "हे मशीन त्या दिवशी का घेऊ दिलं नाय गं?"

चतुरानं मान खाली घातली. दिराचं नाव तिच्या ओठांवर आलं नाही. "याच्यावर... पदर चालत नाय, आत्याबाई," एवढंच म्हणाली.

"मग मला का नाय इचारलं?"

म्हातारीची नजर हळूहळू फिरत काकासाहेबांवर गेली आणि त्यांच्या अंगठ्या घातलेल्या हातावर थांबली. काकासाहेबांनी हात पाठीमागं घेतला.

"आई, खानदानाच्या इज्जतीचा..."

"कान माझा, पदर माझा, अन् इज्जत तुझी व्हय रे?" द्वारकाबाईंच्या आवाजात इतका तिटकारा होता, की काकासाहेब एक पाऊल मागं सरले. "मी बहिरी व्हते, मेले नव्हते! मला एकदा इचारलं असतंस, तर तिथंच पदर टाकला असता मी. अन् हिच्याकडं अंगठा केलास? जिनं मला न्हाऊ घातलं, माझं हागणंमुतणं काढलं, तिच्याकडं? उठ! तुझ्या बंगल्यात तूच ऱ्हा."

"द्वारकाबाई..." नानासाहेब खिडकीकडं बघतच म्हणाले.

"नाना, तुमच्याशी जन्मात बोलले नाय, आज बोलते. लाज सोडली म्हणायचं असंल तर म्हणा. काय म्हणायचं ते म्हणा, आता मला ऐकू येतंय."

नानासाहेब उठले, चपला शोधू लागले. काकासाहेब त्यांच्या मागोमाग गेले. आशाबाई सगळ्यांत आधी बाहेर पडली होती. गाडीचा आवाज गल्लीतून लांब गेला, तोही म्हातारीनं मान कलती करून ऐकला.

घरात दोघीच उरल्या.

"मला वाटायचं, तू मला शिव्या देतीस," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "मीच तुला नाय नाय ते बोलत गेले... माझं पाप कुठं फेडू गं? बोल की काहीतरी माझ्याशी."

"आत्याबाई!!" चतुराच्या तोंडून सवयीनं किंकाळीच निघाली.

म्हातारी दचकून मागं झाली, कानावर हात गेला. "अगं हळू! बहिरी हाय का मी?"

दोघी हसल्या. हसता हसता चतुरा तोंडावर पदर दाबून हुंदके देऊ लागली. तिनं पुन्हा प्रयत्न केला, पण हळू आवाज निघेचना. इतक्या वर्षांच्या ओरडण्यात तिचा साधा, मऊ आवाज कुठं गेला होता, तिचा तिलाच सापडत नव्हता. द्वारकाबाई वाट बघत बसल्या. त्यांनी सुनेचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले आणि तिच्या तोंडाकडं न बघता डोळे मिटून घेतले.

"आत्याबाई..." शेवटी अगदी खालच्या आवाजात चतुरा म्हणाली, "मी इथंच हाय."

"आलं ऐकू," मिटल्या डोळ्यांनी म्हातारी म्हणाली. "आलं गं माझे माय... परत म्हण."