जबल जैसची वाफ

या, अशा जवळ सरकून बसा, आणि ते फोन जरा पालथे घाला. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यान लावतात ना, तसंच एक आज ऐकवायचंय. फक्त यात शेवटी देव धावून येत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

इथे आखातात, देरा भागात सविता आणि जगन्नाथ या नवरा-बायकोचं केटरिंगचं किचन आहे. हिवाळ्यात आपली मंडळी रास अल खैमाच्या डोंगरावर, जबल जैसवर सहली काढतात. तिथे वर गरम पिठलं-भाकरी पोचवायची ती यांनी. सविता शिस्तीची. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात, तशी तिने प्रत्येक कामगाराच्या स्टीलच्या पेल्यावर त्याचं नाव घालून घेतलं होतं. काम आटोपलं की पेले क्रेटमध्ये जायचे. सगळे पेले आले म्हणजे माणसंही आली, असं धरून गाडी सुटायची.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत डोंगरावर वारा उठला. आधी गारा, मग चक्क बर्फ. भुरभुर पडणारा नव्हे, मूठभर वाळू तोंडावर फेकावी तसा आडवा. मंडप फाटला, पातेल्यांची झाकणं दरीत गेली. "स्नो, स्नो" करत फोटो काढणारे पाहुणे मुकाट्याने गाड्यांत शिरले. प्रल्हाद त्यांचा आचारी. कळवणकडचा, गळ्यात तुळशीची माळ, चहापलीकडे कसली सवय नाही. तो मंडपाचे दोर सोडवायला कड्यामागे गेला. त्याचा पेला भलत्याच कोणीतरी क्रेटमध्ये टाकला होता.

जगन्नाथने क्रेट पाहिला. "सगळे आले. यल्ला, चला."

घाट उतरल्यावर लक्षात आलं, तोवर वरचा रस्ता बंद झालेला. सकाळी प्रल्हाद सापडला. हातात दोर, पापण्यांवर बर्फ.

एवढ्यावर थांबलं असतं तर चूक म्हणून सविताने कपाळाला हात लावला असता. पण लायसन्स जाईल या भीतीने जगन्नाथने सगळीकडे एकच सांगितलं, प्रल्हाद दारू पिऊन भरकटला. सविताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माळकरी माणूस होता हो तो. जीभ कशी वळते तुमची?"

"मेलेल्याला काय फरक पडतो आता?"

"त्याच्या बायकोला पडतो."

"खलास म्हटलं ना. विषय बंद."

जूनमध्ये एका गिऱ्हाइकाने प्रल्हादची चौकशी केली. जगन्नाथने नेहमीचं सांगितलं. भट्ट्या पेटलेल्या, सगळे घामाने निथळत होते, आणि त्याच्या तोंडातून पांढरी वाफ आली. कडाक्याच्या थंडीत येते तशी. सविताला वाटलं, फोडणीचा धूर असेल.

गणपतीत अल मनखूल भागातल्या त्यांच्या घरी पाहुण्यांसमोर पुन्हा तेच. "प्यायला होता हो," जगन्नाथ म्हणाला, आणि त्यांची लेक इशिता मोदक खाता खाता थांबली.

"पप्पा, व्हाय इज युअर माउथ स्मोकिंग?"

त्याने तोंडावर हात धरला. हात काढला तेव्हा बोटं निळसर पडली होती. त्यानंतर त्याने प्रल्हादचं नाव काढणंच सोडलं.

वर्षश्राद्ध आलं. दुपारी किचनमागच्या छोट्या ऑफिसात प्रल्हादच्या बायकोचा, शोभनाचा फोन आला. सविताने स्पीकर लावला. खिडक्या बंद होत्या. एसीही बंद.

"साहेब, दिरांनी यांची माळ अंगणात फेकली. दारुड्याची माळ देवघरात नको म्हणाले. एकदाच सांगा. खरंच प्यायले होते का हे?"

सविता नवऱ्याकडे बघत राहिली. आज तरी, असं तिच्या मनात होतं.

"हो," जगन्नाथ म्हणाला. "प्यायला होता."

वाफ आली.

भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं.

त्याच्या मिशीवर पांढरे कण धरले. ते वितळेनात.

सविताने फोन ओढून घेतला. "शोभना, खोटं आहे हे. तुझा नवरा थेंबही प्यायला नव्हता. आम्ही त्याला वर सोडून आलो. तुझ्या दिरांना दे, त्यांनाही सांगते. सगळ्या गावाला सांगते."

मग शोभना हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्ही डोंगरावरून बोलताय का?"

"नाही गं. देऱ्यात आहोत, ऑफिसात."

"मग साहेब बोलत होते तेव्हा मागून वाऱ्यातून हाका कोण मारत होतं? 'साहेब, थांबा, मी राहिलोय.' यांचाच आवाज, वहिनी. मी ओळखते."

सविताला काहीच ऐकू आलं नव्हतं.

जगन्नाथने मात्र दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते.

"त्या दिवशीही असंच ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "मी गाडीची काच वर केली."

तर मंडळी, आज उठण्याआधी एवढं करा. कळवणच्या प्रल्हाद आचाऱ्याचं नाव घ्या, माळकरी म्हणून घ्या, आणि त्याची आठवण ठेवा.