घरचा शेरा

झोपेच्या दाखल्याशिवाय बस, ट्रक किंवा क्रेन चालवायची नाही, हा नियम राज्यात येऊन सहा वर्षं झाली होती. सुरुवातीला त्याची यथेच्छ टिंगल झाली. ‘जागेपणी काय करतो ते विचारा, झोपेत काय करतो त्याची उठाठेव कशाला?’ असं म्हणत चालकांनी मोर्चेही काढले. पण घोरणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत अडतो, त्याची झोप रात्रभर तुटत राहते आणि तिची भरपाई तो दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर करतो, हे घाटातल्या अपघातांनी सगळ्यांना पुरतं पटवलं. मग मोर्चेकरीच शेक घ्यायला रांगेत उभे राहिले.

शेक हे लोकांनी पाडलेलं नाव. डॉ. ऋजुता देवस्थळी त्याला ‘टाळूबांधणी’ म्हणायची. टाळूचा मागचा भाग मऊ असतो. वय वाढलं की तो सैल पडतो आणि झोपेत श्वासाबरोबर फडफडतो. तेच घोरणं. फारच सैल पडला तर हवेची वाटच बुजते. त्यावर लेसरचा सौम्य किरण फिरवला की आतले जुने तंतू उबेनं आवळतात, पुढच्या काही आठवड्यांत नवे तयार होतात, आणि मांडवाचं लोंबणारं कापड पुन्हा ताणून बांधावं तसा टाळू घट्ट होतो. कापाकापी नाही, भूल नाही, रक्ताचा थेंब नाही. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं तीनदा वीस मिनिटं आ वासून बसायचं, आणि मग वर्षातून एकदा उजळणी. दुखणं सौम्य असेल तर एवढ्यात काम भागायचं.

ऋजुताच्या साताऱ्यातल्या केंद्राचं नाव होतं ‘वर्षा निद्रा केंद्र’. वर्षा म्हणजे तिची आई. केंद्राचे पहिले पेशंट तिचे बाबाच. त्यांचं घोरणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं आणि पाहुणे मुक्काम टाळायचे. तीन शेक झाले आणि बाबा मांजराच्या पिल्लासारखे झोपू लागले. त्यानंतर वर्ष भरायच्या आतच आई गेली. रात्री निजली ती सकाळी चहाला उठलीच नाही. वय जेमतेम बासष्ट. ‘पुण्यवान हो, झोपेत गेली,’ असं भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला. शेवटचं वर्ष तरी आईनं निवांत झोपून काढलं, हाच ऋजुताला तेवढा आधार होता. या गोष्टीला चार वर्षं झाली होती.

केंद्रात एक रिवाज तिनं पहिल्या दिवसापासून पाळला होता. पेशंटच्या फॉर्मवर सगळ्यात खाली ‘घरचा शेरा’ नावाचा रकाना असायचा. तिसऱ्या शेकानंतर पेशंटच्या बायकोनं घोरण्याला दहापैकी गुण द्यायचे आणि दोन ओळी लिहायच्या. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं कुठं ऐकू येतं? तेव्हा खरी साक्ष शेजारी झोपणाऱ्याची. बायका हौसेनं शून्य देत. खालच्या ओळी ऋजुता आणि तिची नर्स चहाच्या वेळी वाचत आणि पोट धरून हसत.

संपत मोहिते हा एसटीचा चालक. सातारा-चिपळूण गाडी नेऊन संध्याकाळी घरी परतणारा. यंदाच्या तपासणीत अडला म्हणून त्यानं शेक घेतला, त्याला चार महिने झाले होते, दाखलाही पुन्हा मिळाला होता. तरी तो एका सकाळी बायकोला घेऊन दारात उभा राहिला.

“मॅडम, माझं झ्याक झालंय,” तो म्हणाला. “हिचं कायतरी बिघडलंय.”

छायाच्या उजव्या तर्जनीला जाड पट्टी होती. ती घरी ब्लाउज शिवायची. शिवताना डोळा लागला आणि मशीनची सुई नखातून आरपार गेली होती.

“दिवसाढवळ्या?” ऋजुतानं विचारलं.

“काय सांगू डॉक्टरीणबाई. रातभर पडून असते, पर सकाळी डोसकं असं ठणकतंय जणू झोपलेच न्हाई. पंचवीस सालं ह्यांचा इंजिनाचा आवाज ऐकत निजले, तवा कधी असं झालं न्हाई. आता घर गप्प झालं तर मलाच झोप पचंना.”

“सवय मोडायला वेळ लागतो,” ऋजुता हसून म्हणाली. हे वाक्य तिनं आजवर शेकडो जणींना ऐकवलं होतं. पण ही पट्टी तिला बघवेना. तिनं नर्सला सांगून छायाला त्या रात्री केंद्रातल्या एकुलत्या एक खाटेवर, श्वास नोंदणाऱ्या तारा लावून झोपवलं.

सकाळी आलेख बघताना तिच्या हातातला चहा गार झाला. छायाच्या घशाची वाट मोकळी होती, काही म्हणता काही अडत नव्हतं. तरीही तासाला तिसेक वेळा तिची छाती सरळ थांबत होती. अर्धा मिनिट, कधी पाऊण मिनिट. अडलेला श्वास आणि थांबलेला श्वास यांत फरक असतो. अडलेल्या श्वासात माणूस धडपडतो, झुंजतो. इथे धडपडच नव्हती. ‘श्वास घे’ हा हुकूम सोडायचंच मेंदू विसरत होता.

काळीज दुबळं झालेल्यांना असं होतं. छायाचं काळीज ठणठणीत निघालं. म्हणजे हा तिचा मूळचाच स्वभाव. मग पंचवीस वर्षं निभावलं कसं?

“याआधी कधी सकाळी डोकं दुखायचं?” ऋजुतानं विचारलं.

“माहेरी,” छाया चटकन म्हणाली आणि लाजली. “माहेरी गेले की दुसऱ्या दिवशी डोसक्याला फडकं बांधूनच बसायचे. भावजया चिडवायच्या, नवऱ्याबिगर हिला करमत न्हाई म्हणून. दोन रातींच्या वर मी ऱ्हायलेच न्हाई कधी.”

संपत मिशीत हसला. ऋजुतानं मात्र ‘माहेर’ हा शब्द कागदावर लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली.

संपतच्या मुलीनं कधीतरी गंमत म्हणून बापाचं घोरणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ऋजुतानं ते मागवून घेतलं आणि छायाच्या उशाशी लावलं. पहिल्या दोन रात्री आलेख बघण्यासारखा आला. प्रत्येक घोरण्यापाठोपाठ छायाचा श्वास, अगदी पावलावर पाऊल टाकून. पाचव्या रात्री मेंदूला त्या आवाजाची सवय झाली, भिंतीवरच्या घड्याळाची होते तशी, आणि छाती पुन्हा थांबू लागली.

आठवड्यानं तिनं दोघांना समोर बसवलं.

“शेजारी शेजारी झोपणाऱ्या माणसांचे श्वास हळूहळू एका तालात येतात,” ती म्हणाली. “मी याला सहश्वास म्हणते. बहुतेकांना त्याची गरज नसते. पण एखादीचा मेंदू मुळातच या कामात आळशी असतो. त्याला शेजारचा ताल मिळाला की तो त्याच्यावरच विसंबतो. तुमचं घोरणं जिवंत होतं. छायाताईंचा श्वास मंदावला की त्या किंचित हलणार, तुमची झोप चाळवणार, आवाज चढणार, आणि त्यांचा श्वास पुन्हा सुरू. रेकॉर्डिंगला हे कुठून जमणार?”

संपतनं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बघितली. “म्हंजी हिची गाडी माझ्या गाडीला टोचन लावलेली हुती. आन तुमी साखळी सोडली.”

यापेक्षा सोप्या भाषेत ऋजुतालाही सांगता आलं नसतं. “हो,” ती म्हणाली.

“मग माझा शेक उतरवा. दाखला गेला तर गेला. आगारात गाड्या धुईन.”

“गप बसा!” छाया कडाडली. “घाटात पन्नास माणसं तुमच्या हातात असत्यात. त्यांच्या बायका न्हाईत व्हय?”

उपाय होता. श्वास थांबला की हवेचा हलका झोत देणारं एक यंत्र असतं. मुखवटा लावून निजायचं, एवढंच. छायानं तो तोंडावर धरून बघितला, हत्तीच्या सोंडेसारखं दिसतं म्हणाली आणि घेऊन गेली. ती वाचली, कारण सुई बोटातून गेली आणि नवऱ्यानं ते मनावर घेतलं.

उंबऱ्यावर संपत थबकला. “मॅडम, आमच्या आगारातले बावीस जण तुमच्याकडंच शेकले. त्यांच्या बायकांचं काय?”

प्रश्न नुसता बावीस जणांचा नव्हता. राज्यात सव्वाचार लाख माणसांनी टाळू बांधून घेतला होता. प्रत्येकाची तपासणी एकट्याची, एका खाटेवर झाली होती. शेजारी कोण झोपतं हे कुठल्याच केंद्रानं विचारलं नव्हतं.

तिनं मात्र विचारलं होतं. तिच्या कपाटात साडेसहाशे फॉर्म होते.

दुपारी केंद्र बंद ठेवून ती खाली सतरंजीवर बसली आणि एकेक शेरा वाचू लागली. ‘शून्य. देवासारख्या धावून आलात.’ ‘शून्य. आता मलाच जाग येते, उठून बघते हे आहेत की गेले.’ ‘शून्य. पण माझं डोकं धरतं.’ ‘शून्य. सकाळी तोंड कोरडं, अंग आंबलेलं. वय झालं बहुतेक.’ हे शेरे वाचून ती हसली होती. काही तर तिनं परिषदेत मोठ्यानं वाचून दाखवले होते आणि सभागृहही हसलं होतं. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस फॉर्म बाजूला निघाले. तिनं नर्सला त्या एकोणचाळीस घरी फोन लावायला बसवलं. सत्तावीस बायकांना उद्याच बोलावलं. आठ घरी फोन लागला नाही. चार घरी बाई वारली होती, आणि चारही घरच्यांनी नर्सला एकच गोष्ट सांगितली, झोपेत गेली म्हणून.

सगळ्यात खालचा फॉर्म तिनं अजून उचलला नव्हता. सकाळपासून ती जे टाळत होती ते आता टळणार नव्हतं. आई माहेरी, वाईला, कधी दोन दिवसांच्या वर राहिली नव्हती. परत यायची ती कपाळाला सुंठ उगाळून लावूनच. मामा म्हणायचे, हिला देवस्थळ्यांनी काहीतरी चारलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेमके बाबा आले. त्यांची उजळणी होती. शाळेतून निवृत्त झालेले, वेळेचे पक्के, इस्त्रीचा सदरा. ते सवयीनं खुर्चीवर बसले, चष्मा काढला.

“आता खरं तर ऐकायला कोणी नाही,” ते म्हणाले. “पण येतो आपला. तुझ्या आईनं हट्टानं करायला लावलं होतं ना. एका गोष्टीचं मला समाधान आहे बघ. आयुष्यभर तिची झोप मोडली मी, शेवटचं वर्ष तरी ती सुखानं निजली. तुझे उपकार आहेत ते माझ्यावर.”

लेसरची कांडी ऋजुताच्या हातात होती. आ करा म्हटलं असतं तर पुढची वीस मिनिटं बाबांना काही विचारता आलं नसतं. पुढची वीस वर्षंही कदाचित विचारलं नसतं. पण आरोग्य खात्याला पाठवायचं पत्र टेबलावर तयार होतं. त्यात तारखेप्रमाणे पहिली नोंद कोणाची, हे तिला लिहावंच लागणार होतं. आणि ते बाबांनी वर्तमानपत्रात वाचावं, हे तिला सोसलं नसतं.

तिनं कांडी ठेवून दिली आणि सगळं सांगितलं. छाया, सुई, माहेर, टोचन. शाळेत मुलांना समजवावं तसं, क्रमानं. चांगल्या शिक्षकासारखं बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“म्हणजे मी घोरत होतो,” ते शेवटी म्हणाले, “तोवर ती...”

“खात्रीनं सांगता येणार नाही, बाबा. पण हो. मला तसं वाटतं.”

“तिला काही जाणवलं नसेल? काही बोलली असती ती.”

ऋजुतानं फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. बाबांनी चष्मा लावला. आईचं टपोरं अक्षर होतं. ‘घोरणे : शून्य. ऋजू, घर फार गप्प झालं गं. मध्येच दचकून जागी होते, श्वास घ्यायचा राहून गेल्यासारखं वाटतं. यावर पण एखादा शेक काढ.’

बाबांनी ते दोनदा वाचलं.

“हे तुझ्यापर्यंत पोचलंच नाही का?”

“पोचलं होतं, बाबा,” ती म्हणाली. “मी वाचलं. आणि हसले.”

बाबा खुर्चीवरून उठले. टाळू पुन्हा पूर्वीसारखा सैल पडून घोरणं परत यायला किती दिवस लागतात, एवढंच त्यांनी विचारलं. उजळणी केली नाही तर वर्षभर, ती म्हणाली. त्यांनी मान हलवली, चपला पायात सरकवल्या आणि उजळणी न करताच घरी गेले.