अण्णांची टाळी

घडलं तसं सांगतोय. पटलं तर वाचा, नाही तर खुशाल पुढे सरका. पण "आत्याला भास झाला असेल," हे मला ऐकवू नका. माझी आत्या कानाच्या दवाखान्यात लोकांच्या ऐकण्याची तपासणी करते. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि त्याला काय ऐकू येतं, काय नाही, ते ठरवायचं. यात तिचं आयुष्य गेलं. ऐकू येत नसताना मान हलवणारा माणूस ती लांबून ओळखते.

आणि हे रात्री घडलेलं नाही. अमावस्या नव्हती, वारा नव्हता. रविवारची लख्ख दुपार होती आणि जागा होती आत्याच्या स्वतःच्या घरातली मागची लहानशी खोली.

पण आधी तिचा राग समजून घ्या. तो कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आत्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, सगळे अण्णा म्हणत. अण्णांकडे जुनी म्युझिक सिस्टीम होती. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, लाकडी पेटीतला रेकॉर्ड प्लेअर, दोन स्पीकर आणि त्यांच्यासमोर बरोबर मधोमध एक गादीची खुर्ची. लहान खोलीत गाणं नीट ऐकू येईल अशी जागा एकच असते. दोन्हीकडचा आवाज जिथे जुळतो, तिथे. जरा बाजूला सरकलं की मजा गेली.

ती जागा अण्णांची. जन्मभर.

रेकॉर्ड लावण्याआधी अण्णा एक टाळी वाजवायचे. एकच, कडक. खोली रिकामी असली की टाळी भिंतींवर आपटून टण्णकन परत येते. कुणी आत असलं, की त्याचं अंग, कपडे थोडा आवाज पिऊन टाकतात आणि टाळी बद्द होते. अण्णांना मागे वळून बघावंच लागत नसे.

"कोण आहे दारात?"

दारात आत्याची आई असायची. भांडी घासता घासता उठून आलेली. ओला हात चौकटीवर.

"बाहेर हो. दार लाव."

शिवी नाही, आरडाओरडा नाही. नुसतं एवढंच. आई हळूच दार लावायची आणि बाहेर उभी राहून बंद दारातून ऐकायची. चौकटीवरचा रंग तिच्या हाताने तेवढ्याच जागी सोलला होता.

एका रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं तिच्या फार आवडीचं. अण्णांना ते रडकं वाटायचं. ते सुरू व्हायच्या आत ते सुई उचलायचे. कधी उशीर झाला, तर पहिल्या दोन ओळी निसटायच्या. आईला तेवढ्याच येत होत्या. स्वयंपाकघरात ती त्याच दोन ओळी गुणगुणायची आणि पुढे नुसतंच हं हं करत राहायची.

हे वाचून तुमच्या तळपायाची आग मस्तकात गेली असेल, तर आत्याचं काय होत असेल बघा. ती हे बघत लहानाची मोठी झाली.

आई गेली. पुढे काही वर्षांनी अण्णाही गेले. आणि अण्णांचे कपडे कपाटातून निघायच्या आत माझ्या वडिलांनी, म्हणजे आत्याच्या दादाने, सगळी सिस्टीम भंगारात देऊन टाकली. आत्याला न विचारता.

आत्या फोनवर कडाडली.

"दादा, मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही तुला?"

"अगं, तुला काय करायचंय ते धूड? तुझी खोली केवढी!"

"माझी खोली केवढी आहे ते मी बघीन! तू कोण सांगणारा?"

फोन आपटला. आणि त्याच तिरीमिरीत तिने ठरवलं. तशीच सिस्टीम उभी करायची, आपल्या खोलीत. आणि त्या मधल्या खुर्चीत आपण बसायचं. बघू कोण उठवतंय.

तिने भंगारवाले पालथे घातले. अ‍ॅम्प्लिफायर सापडला, तोही अण्णांचाच. पुढच्या पट्टीवरचा ओरखडा ती विसरणार होती थोडीच! रेकॉर्ड प्लेअर दुसरा मिळाला. स्पीकर मात्र तिने आधी मोठाले आणले. रेडिओ दुरुस्त करणारा काका ते बघून हसायलाच लागला.

"ताई, एवढ्याशा खोलीत हे ढोल वाजवलेत तर शेजारी मोर्चा घेऊन येतील."

मग ते देऊन लहान घेतले, भिंतीपासून पुढे ओढले, तेव्हा कुठे आवाजाचं घुमणं थांबलं. अण्णांच्या रेकॉर्ड आधीपासून तिच्याकडे होत्याच. उरली खुर्ची. ती दादाच्या गॅलरीत पडली होती. आत्या गेली, खुर्ची उचलली आणि कुणाशी चकार शब्द न बोलता घेऊन आली. खोलीला नवा पांढरा रंग दिला. दाराच्या चौकटीलासुद्धा.

पहिल्या रविवारी तिने टाळी वाजवली.

टण्ण.

खोली रिकामी. आईच्या त्या गाण्याची रेकॉर्ड लावून ती खुर्चीत बसली. गाणारी बाई जणू दोन स्पीकरच्या मधोमध, तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आत्याला रडू फुटलं. एवढं सुख तो माणूस एकटा ओरपत होता?

शेवटचं गाणं यायच्या आत ती उठली आणि तिने सुई उचलली. हाताला सवयच तशी लागली होती. घरात तेच पाहिलेलं. तिच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या रविवारी तिने पुन्हा टाळी वाजवली, आणि...

बद्द.

आत्या थबकली. पडदा बाजूला होता. कपाट बंद होतं. खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. पुन्हा टाळी. पुन्हा बद्द. तिचे कान तिला सांगत होते, खोलीत अजून एक अंग आहे.

तिची नजर खुर्चीवर गेली. गादी मधोमध दबलेली होती.

जवळ गेली, तर खुर्चीचा हात ओला. तिने वर पाहिलं. छत कोरडं ठणठणीत.

दुसरं कुणी असतं तर घर सोडून पळालं असतं. आत्या संतापली. अण्णा! मेल्यावरही खुर्ची सुटत नाही! अ‍ॅम्प्लिफायरच्या मागोमाग आले इथपर्यंत! तिने खुर्ची फडक्याने खसाखसा पुसली आणि मुद्दाम तिच्यातच जाऊन बसली. पाठीला गार लागत होतं. बसून राहिली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी टाळी स्वच्छ आली. तिला वाटलं, जिंकले. रेकॉर्ड ऐकली, शेवटच्या गाण्याआधी सुई उचलली आणि ती चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली.

आधण उकळायला लागलं...

आणि मागच्या खोलीत बारीकशी खरखर झाली. सुई टेकल्याची.

गाणं सुरू झालं. ते शेवटचं.

पहिल्या दोन ओळी झाल्या. मग तिसरी. मग चौथी. अण्णांच्या घरात कधीच न वाजलेल्या ओळी. पण आवाज दबका येत होता, त्यातली धार कुणीतरी पिऊन टाकल्यासारखा. आत कुणीतरी बसून ऐकत होतं.

आत्या धावली. खुर्ची रिकामी होती आणि गादी खोल दबलेली होती.

"लाज नाही वाटत?" ती ओरडली. "जन्मभर तिला दारात उभं केलंत! आता माझ्या घरात येऊन बसता? माझ्या?"

गादी हलली नाही.

मग आत्याचा आवाज एकदम खाली आला. कडक झाला.

"बाहेर हो. दार लाव."

स्वतःच्या तोंडून ते ऐकून ती चरकली. तेच शब्द. तोच सूर. अण्णांचा.

गादी हळूहळू वर आली...

तिच्या शेजारून काहीतरी गेलं. भांड्याच्या साबणाचा वास आला.

आणि दार लागलं. आपटलं नाही. हळूच लागलं, कडीचासुद्धा आवाज होऊ न देता.

अण्णा दार आपटायचे. अण्णांच्या घरात असं दार लावणारं एकच माणूस होतं.

अण्णांनी हे गाणं कधी लावलं असतं? आणि अण्णांचे हात कधी ओले असायचे? तिने झडप घालून दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. चौकटीच्या नव्या पांढऱ्या रंगावर, खांद्याच्या उंचीला, ओल्या बोटांचे ठसे होते.

"आई! अगं, तू आहेस? आत ये ना, आई!"

गाणं संपलं. सुई टक टक करत फिरत राहिली. चहा उतू जाऊन गॅस विझला होता.

आता दर रविवारी आत्या ते गाणं शेवटपर्यंत वाजवते. दार सताड उघडं ठेवते. स्वतः जमिनीवर बसते. खुर्चीत कुणाला बसू देत नाही. मी एकदा गेलो होतो. माझ्यासमोर खुर्चीकडे तोंड करून ती गाणं संपेपर्यंत म्हणत होती, "ये ना आई. चुकलं माझं. ये ना." मी खोलीबाहेर येऊन तिला म्हटलं, "आत्या, टाळी वाजव बघू."

तिने वाजवली. टण्णकन परत आली.

"रिकामी आहे," आत्या म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

मी दारापाशीच होतो. आत वळताना चौकटीला हात टेकला. खांद्याच्या उंचीला रंग सोलला होता. काही आठवड्यांपूर्वीच दिलेला नवा रंग.

आत्याला मी हे अजून सांगितलेलं नाही. ती जागा ओली होती.